प्लगच्या खळग्यातली माती

ॲलन की आत जाईचना. साइज चुकली असेल म्हणून एक नंबर खालची घेतली, तर तीही अडली. गुडघे टेकून, मान वाकडी करून टॉर्चच्या उजेडात पाहिलं तेव्हा कळलं, माझ्या मोटरसायकलच्या फायनल ड्राइव्हच्या, म्हणजे मागच्या चाकाला ताकद पोचवणाऱ्या गिअरांच्या डब्याच्या, वरच्या प्लगचा षटकोनी खळगा मातीने गच्च भरलेला होता. रस्त्यावरची धूळ फडक्याने निघते. ही निघेना. मग दाभण घेऊन कोरायला बसले. वरचा थर भुरभुरीत आणि तांबूस. त्याखालचा काळा, तेलकट, दाभणाला चिकटून येणारा. अगदी तळाशी चुन्यासारखी पांढरट भुकटी, ॲल्युमिनियम आणि पोलाद वर्षानुवर्षं ओलाव्यात एकमेकांना बिलगून राहिले की येते तशी. दाभणाच्या टोकावरचा एकेक कण मी खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर झटकत होते आणि डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. गाडीच्या कागदांमध्ये सर्व्हिसिंगची दोन बिलं आहेत, आणि दोन्हींवर स्वच्छ अक्षरात लिहिलंय : गिअरबॉक्स ऑइल बदलले, फायनल ड्राइव्ह ऑइल बदलले.

तीन थरांची माती दोन बिलांच्या मधल्या काळात साठत नाही.

चीड आली. ज्याने ते लिहिलं त्याचा चेहरा आठवला, त्याने चावी हातात देताना टाकीवर मारलेली थापसुद्धा आठवली. पण चिडीच्या खाली आणखी काहीतरी टोचत होतं. ही गाडी चार वर्षांपासून माझ्याकडे आहे आणि दर रविवारी मी ती स्वतः पुसते. मागच्या चाकाच्या मध्यावरचा तो गोल डबा पुसताना माझं फडकं त्या प्लगवरून शेकडो वेळा फिरलं असणार. इंजिनचं तेल मी डिपस्टिक काढून बघते, टायरची हवा बघते, ब्रेकच्या केबलला तेल घालते. त्या डब्यात मात्र पाव लिटर तेल आहे आणि आतल्या गिअरांचं सगळं भलंबुरं त्या पाव लिटरवर आहे, हे पक्कं ठाऊक असूनही मी एका कागदावर विसंबून राहिले होते.

बहुतेक मोटरसायकलींच्या बाबतीत हा प्रश्न येतच नाही. इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात भिजतात आणि मागे चेन असते. चेन सैल झाली की खडखडते, कोरडी पडली की किरकिरते. तिचं दुखणं ती बोलून दाखवते. शाफ्टच्या गाडीत, म्हणजे चेनऐवजी फिरता दांडा चाकाला ताकद पोचवतो त्या गाडीत, निदान माझ्या गाडीसारख्या जुन्या बांधणीच्या गाडीत, इंजिनचं तेल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, आणि शाफ्टची फिरकी जिथे काटकोनात वळून चाकाला मिळते तिथल्या डब्यातलं तिसरं. काही गाड्यांत शाफ्टच्या नळीतही चौथं तेल असतं. ही रचना शंभर वर्षांहून जुनी आहे. बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या चार सिलिंडरच्या गाडीला १९०५ सालीच शाफ्ट होता. बीएमडब्ल्यूने १९२३ मध्ये आर ३२ काढली तेव्हा क्रँकशाफ्ट गाडीच्या लांबीत बसवला, म्हणजे इंजिनातून निघालेली ताकद सरळ मागे जाते आणि एकदाच, थेट चाकापाशी, वळते. मला ते एक वळण फार सुंदर वाटतं. एक छोटा पिनियन, त्याला भिडलेलं मोठं क्राऊन व्हील, दोघांचेही दात सरळ कापलेले नसून वळणदार. कुठल्याही क्षणी मोजकेच दात एकमेकांत अडकलेले असतात आणि माणूस, सामान, चढ, सगळ्याचा भार त्या तेवढ्या दातांवरून मागच्या चाकाला जातो. दातांच्या मधे असतो तो तेलाचा पडदा केसाहूनही कितीतरी पातळ. तो टिकला तर हे गिअर माणसापेक्षा जास्त जगतात. फाटला तर आवाज येईपर्यंत काही कळत नाही, आणि आवाज येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

बाबा हे काम कुणाला करू देत नसत. गाडी तेव्हा त्यांची होती आणि मी आठ-नऊ वर्षांची. आधी ते गाडी अर्धा तास फिरवून आणत, कारण गार गिअर ऑइल काकवीसारखं येतं आणि तळाचा गाळ मागेच ठेवतं. गरम असलं की पाण्यासारखं सुटतं आणि गाळ घेऊन बाहेर पडतं. गाडी मेन स्टँडवर, जमीन सपाट. मग त्यांचा ठरलेला क्रम : "आधी वरचा, मग खालचा." म्हणजे भरायचा प्लग आधी सैल करून घ्यायचा आणि मगच खालच्या प्लगला हात लावायचा. खालून तेल सांडून बसलात आणि वरचा प्लग निघालाच नाही, तर गाडी कोरडी, भरायला वाट नाही आणि वर्कशॉपपर्यंत चालवतही नेता येत नाही. मला तेव्हा तो एक मंत्र वाटायचा. मातीने भरलेल्या खळग्यापुढे बसले तेव्हा त्याचा अर्थ हाताला कळला.

माझं काम नव्या तेलाच्या वेळचं. मी डब्याशी डोळा लावून टॉर्च धरायची आणि तेल भोकाच्या खालच्या आट्यापर्यंत चढलं की ओरडायचं, "आलं!" त्याआधी बराच वेळ आत नुसता अंधार दिसायचा, मग अंधारात एक चकाकणारी कड, आणि ती कड हळूहळू फुगत यायची. नंतर दिवसभर बाबांच्या हाताला तो वास असायचा. गिअर ऑइलचा वास ज्याने एकदा घेतलाय त्याला सांगावं लागत नाही. गंधकाचा उग्र, किंचित सडका, साबणाने दोनदा धुतलं तरी नखांच्या कडेला राहणारा. काहींना तो नकोसा होतो. मला त्या वासात सुट्टीचा दिवस येतो.

तो वास म्हणजे तेलातलं खरं औषध आहे. नुसत्या तेलाचा पडदा अशा काटकोनात भिडणाऱ्या, म्हणजे बेव्हल गिअरच्या दाबापुढे टिकेलच असं नाही, म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. दात दातावर घासून त्या बिंदूपुरता भडका उडाला की ही संयुगं पोलादाशी विक्रिया करतात आणि तिथे एक मऊ थर तयार होतो. मग झिजतो तो थर, दात वाचतो. काही गाड्यांत पिनियनचा अक्ष क्राऊन व्हीलच्या अक्षाला न छेदता थोडा बाजूने जातो, त्याला हायपॉइड म्हणतात. तिथे दात एकमेकांवर फिरतात त्याहून घसरतात जास्त, आणि म्हणून हे औषध तिथे जास्त लागतं. डब्यावरच्या जीएल-४ आणि जीएल-५ या अक्षरांतला फरक मुख्यतः एवढाच. जीएल-५ मध्ये ही संयुगं साधारण दुप्पट असतात.

आणि इथेच वादाला तोंड फुटतं. जीएल-५ मधलं गंधक पितळ आणि कांशाला खातं, गिअरबॉक्समध्ये घालू नका, असं कुणीतरी सांगतंच. त्यात तथ्य आहे, पण ते बरंचसं मोटारींच्या जगातलं. मोटारीच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोनायझरच्या, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवून घेणाऱ्या भागाच्या, पितळी रिंगा असतात, त्यांना नेमकं घर्षण हवं असतं. मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोनायझर नसतात, डॉग असतात, म्हणजे एकमेकांत अडकणारे जाड दांते. गिअर पडताना जो "टक्" होतो तो त्यांचाच. कांशाची बुशं मात्र असू शकतात, आणि जुन्या धाटणीच्या जीएल-५ ने ती गरम असताना काळवंडतात. म्हणून मी माझ्यापुरता वाद संपवला तो गाडीच्या पुस्तकात बघून. माझ्या पुस्तकात दोन्हीकडे जीएल-५ लिहिलंय, तर दोन्हीकडे तेच. पुस्तकात जीएल-४ असतं तर जीएल-५ "वरचा दर्जा" समजून घातलं नसतं. तो वरचा दर्जा नव्हे, वेगळ्या कामाचं तेल आहे. आणि ज्या गाडीत क्लच त्याच तेलात बुडालेला असतो तिथे गिअर ऑइल ओतणं म्हणजे क्लच घसरायला आमंत्रण. तिथे जासो एमए, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचसाठीचं जपानी मानक, लिहिलेलं मोटरसायकलचंच तेल हवं. एलएस लिहिलेला डबाही मी परत ठेवला. ती भर मोटारीच्या लिमिटेड स्लिप डिफरेन्शियलसाठी, म्हणजे दोन चाकांमध्ये ताकद वाटणाऱ्या गिअरांसाठी असते. आपल्याला मागे एकच चाक, डिफरेन्शियल कुठलं आलंय!

आकड्यांनीही मला पूर्वी फसवलंय. ९० म्हणजे इंजिनच्या ५० पेक्षा कितीतरी दाट, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. दोन्ही मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. १०० अंश सेल्सिअसला गिअर ऑइलची ९० ग्रेड १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्समध्ये (हे दाटपणाचं माप) बसते आणि इंजिन ऑइलची ५० ग्रेड १६.३ ते २१.९ मध्ये. म्हणजे "नव्वद" हे "पन्नास"पेक्षा पातळही निघू शकतं. पुढचा डब्ल्यूवाला आकडा थंडीचा : ७५डब्ल्यूची कसोटी उणे ४० अंशांवर लागते, ८०डब्ल्यूची उणे २६ वर. ७५डब्ल्यू-९० बहुतेक सिंथेटिक मिळतं आणि सकाळी पहिला गिअर टाकताना पायाला त्याचा फरक जाणवतो. तरी या वेळी मी मुद्दाम साधं, मिनरल ८०डब्ल्यू-९० आणलं. इतक्या वर्षांचा गाळ असणार. हे भरणं धुण्यापुरतं, थोड्या किलोमीटरनी काढूनच टाकायचं होतं.

प्लग काढायला तीन दिवस लागले. खळगा साफ करून गंज सैल करणारं तेल मारलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी ॲलन की पूर्ण तळापर्यंत ठोकून बसवली, कारण अर्धवट बसली की खळग्याचे कोपरे झिजून गोल होतात आणि मग सगळंच हातचं जातं. प्लग हलला नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी हीट गनने भोवतालचा ॲल्युमिनियम तापवला, प्लग नव्हे. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, तेवढीच फट मिळते. लांब दांडीला हळूहळू जोर दिला आणि एक कोरडा "कट्" आवाज झाला. प्लग तुटला की सुटला हे पहिला सेकंदभर कळत नाही. सुटला होता. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले.

खालचा प्लग त्यामानाने सहज आला. तेल काळं होतं. गिअर ऑइलचं काळेपण इंजिनच्या तेलासारखं वाचायचं नसतं, आत जळण नाही, काजळी नाही. कुणी मॉलिब्डेनम घातलेलं असेल तर नवं तेलही काळंच असतं. दुधी किंवा कॉफीसारखं असतं तर पाणी शिरलंय म्हणून घाबरले असते. तापलेला डबा पाण्यातून गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा येण्याजाण्याच्या भोकातून, पाणी ओढून घेते. तसं नव्हतं. सोनेरी चमकही नव्हती, ती दिसली तर बुश किंवा बेअरिंगची पितळी जाळी झिजतेय असं समजायचं. वास मात्र बदलला होता. गंधकाचा उग्रपणा गेलेला, करपलेला, शिळा वास. आणि प्लगच्या टोकावरच्या चुंबकावर, मसुराएवढ्या उंचीचा, करडा, ओला गोळा.

करड्या गोळ्याची भीती नसते. दात घासतात, पीठ पडतं, चुंबक ते धरून ठेवतो. तेवढ्यासाठीच तो तिथे आहे. मी तो अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळला, काजळ चोळावं तसा. मऊ, मऊ, मऊ, आणि मग काहीतरी टोचलं. कागदावर पुसून पाहिलं. तांदळाच्या कणीएवढी एक चपटी कपची, एका बाजूने आरशासारखी गुळगुळीत, दुसरीकडून खडबडीत.

बाबांना फोन केला. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून ते गाडीच्या बाबतीत फारसं विचारत नाहीत, मीच सांगितलं तर ऐकतात. कपचीचं सांगितल्यावर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "नखाला कड लागतेय का तिची?"

"लागतेय."

"चाक उचलून हलवून बघितलंस? वर-खाली धरून?"

"बघितलं. खेळ नाही. हाताने फिरवलं तरी आवाज नाही."

"मग भर आणि चालव. लांब नको, जवळच. पुन्हा उघड आणि बघ." थोडं थांबून म्हणाले, "वहीत बघ गं, मी शेवटचं कधी केलं होतं."

वही गाडीबरोबरच माझ्याकडे आली होती आणि मी ती कधी उघडली नव्हती. निळ्या पुठ्ठ्याची, पानांच्या कडांना तेलाचे डाग. तारीख, किलोमीटर, काय केलं, आणि प्रत्येक फायनल ड्राइव्हच्या नोंदीपुढे चुंबकाचं वर्णन. "चुंबक स्वच्छ." "करडं, मऊ." एका ठिकाणी "थोडं जास्त, पण मऊ." शेवटची नोंद २०१७ ची, ६१,२४० किलोमीटर. गाडी माझ्याकडे आली ती त्यानंतर चार वर्षांनी. म्हणजे मातीचे खालचे थर वर्कशॉपचे नव्हते, माझेही नव्हते. बाबांचे हात थांबले तेव्हापासूनचे होते, आणि घरात कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. त्यांनी ते सांगितलं नाही. वहीत बघ म्हणाले. आता मीटर ८८ हजारांवर आहे आणि पुस्तकातली मुदत १५ हजारांची. बिलांवरचा माझा राग खोटा नव्हता, लिहिलं होतं आणि केलं नव्हतं. पण वही मिटल्यावर तो मला आधीसारखा धरता येईना.

नवं तेल सिरिंजने भरलं. भोक अवघड जागी आहे, नरसाळं बसत नाही. मधासारखं ते नळीतून गेलं, मी दर थोड्या वेळाने थांबत होते, कारण हवेचे बुडबुडे वर यायला वेळ लागतो आणि घाईने भरलं तर पातळी खोटी दिसते. पुस्तकात २५० मिली आहे आणि भोकाच्या खालच्या आट्याशी तेल आलं तेव्हा सिरिंजचा हिशेबही तेवढाच झाला. जास्त भरून भलं होत नाही. हे तेल पंपाने फिरत नाही, खालचे दात त्यात बुडतात आणि वर उडवतात. पातळी वाढली की ते घुसळलं जातं, फेसाळतं, तापतं आणि सीलमधून बाहेरची वाट धरतं. माझ्या गाडीच्या मागच्या ब्रेकचा ड्रम त्या डब्याला लागूनच आहे. एकदा गिअरबॉक्स झाल्यावर उरलेलं थोडं तेल मी इथे "असू दे" म्हणून जास्त घातलं असतं आणि बाबांनी माझा हात धरला होता. ब्रेकच्या लायनरवर तेल म्हणजे काय, हे त्यांनी तेव्हा एका वाक्यात सांगितलं होतं. ते मी इथे लिहीत नाही. नवी वॉशर, आटे पुसून कोरडे, टॉर्क रेंचची एक टिक. ॲल्युमिनियमच्या आट्यांना जोर दाखवायचा नसतो. गिअरबॉक्सचं ८०० मिली त्याच दुपारी झालं, तिथे सगळं ठीक होतं, सांगण्यासारखं काही नाही. जुनं तेल डब्यात भरून रिसायकलवाल्याकडे द्यायला ठेवलं.

मग आठशे किलोमीटर मी कान मागे ठेवून चालवली. ज्या गाडीचा आवाज इतकी वर्षं मला गाण्यासारखा वाटायचा, त्यात मी आता हुंकार शोधत होते. थ्रॉटल सोडल्यावर मागून काही येतंय का, वळणावर वेगळं काही येतंय का. घरी आल्यावर हातमोजा काढून डब्यावर तळवा ठेवायचा. कोमट. दुसऱ्या दिवशीही कोमट. पण ती कपची काड्याच्या पेटीत ठेवली होती आणि टेबलावरून जाताना दर वेळी मी पेटी हलवून बघत होते, आत आहे ना. ती कधी सुटली असेल? मागच्या महिन्यात? की २०१८ मध्येच सुटून इतकी वर्षं चुंबकाला धरून बसली असेल, आणि दात तेव्हापासून बिनबोभाट काम करत असतील? दोन्ही शक्य आहे. कपचीवर तारीख नसते.

काल पुन्हा उघडलं. खळग्यात मी या वेळी ग्रीस भरून ठेवलं होतं, ते बोळ्याने एका फटक्यात निघालं आणि की थेट तळाला गेली. आधी वरचा, मग खालचा. मिनरल तेल आठशे किलोमीटरमध्ये मळलं होतं, पण उजेडात धरलं तर आरपार दिसत होतं. चुंबकावर पातळ करडा थर, पहिल्याच्या पावभरही नाही. चोळला. मऊ. पुन्हा चोळला, कागदावर पसरला, भिंग घेऊन बघितला. एका कोपऱ्यात एक कण होता, खसखशीहून बारीक, कड लागते की नाही हे नखाला नक्की सांगता येईना.

सिंथेटिक भरलं, प्लग लावले, हात धुतले. मग निळी वही घेतली आणि बाबांच्या शेवटच्या नोंदीखाली तारीख आणि किलोमीटर लिहिले. पुढच्या रकान्यात लिहिलं, "करडं, मऊ. एक कण. दोन हजारांनी पुन्हा." बोटांच्या वासाने पान थोडं खराब झालं.